मागीलदारची पायरी

गेल्या मे महिन्यात देवगडजवळच्या आमच्या घरी, मागीलदारच्या पायरीवर माझी अडीच वर्षांची नात फणसाच्या आठळ्या मांडत बसली होती. दुपारचे साडेतीन वाजले असावेत. ओसरीवर आमसुले वाळत घातलेली होती. त्यांचा आंबूस वास, पिकल्या फणसाचा गोडमिट्ट वास आणि तापलेल्या चिऱ्यांचा कोरडा वास एकमेकांत न मिसळता हवेत रेंगाळत होते. नात एक आठळी उचलायची, फ्रॉकला पुसायची आणि आधीच्या आठळीशेजारी ठेवायची. मी तिच्यापासून चार हातांवर सुपात तांदूळ निवडत होते. तेवढ्यात गडग्याच्या चिऱ्यांमधून एक धामण बाहेर आली आणि सावकाश, स्वतःच्या घरात वावरावे तशी, अंगणाच्या कडेने माडाच्या आळ्याकडे निघाली. नातीने ती माझ्याआधी पाहिली. हातातली आठळी तशीच धरून तिने मान थोडी कलती केली आणि म्हणाली, ‘‘आजी, हे बघ, चाललंय.’’ मुंगळ्यांची रांग पाहताना तिच्या आवाजात जेवढे कुतूहल असते तेवढेच तेव्हाही होते. मी मान वर केली आणि किंचाळले.

त्यानंतर जे घडले ते फार तर दोन-तीन क्षणांचे असेल, पण तेच माझ्या मनातून जात नाही. माझी किंकाळी ऐकून नातीने धामणीकडे पाहिले नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. माझे ताणलेले डोळे, उघडे राहिलेले तोंड, छातीशी गेलेला हात हे सारे तिने नीट वाचून घेतले, मग धामणीकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि तेव्हा कुठे ती रडू लागली. आठळ्या पायरीवरून घरंगळत अंगणात गेल्या. माझा भाऊ आतून धावत आला आणि शेपटीचे टोक तेवढे दिसत होते त्या दिशेला पाहून म्हणाला, ‘‘ताई, धामण आहे ती. उंदरांसाठी येते. काही करत नाही.’’ रात्री नातीला थोपटून निजवल्यावर माझी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि मुळीच न रागावता म्हणाली, ‘‘आई, ती सापाला नाही घाबरली. तुला बघून घाबरली.’’

हे वाक्य मी पुण्याला घेऊन आले.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाजवळ बागेला पाणी घालण्याचा पिवळा पाइप पडलेला असतो. त्या पाइपवरून नात शंभरदा उड्या मारून गेलेली होती. कोकणातून परतल्यावर आठवडाभरात आम्ही दोघी त्या वाटेने निघालो, तर पाइपापासून दहा पावलांवर ती थबकली, माझे बोट घट्ट धरले आणि मला मागे ओढू लागली. मी काहीच न बोलता तिला पुढच्या फाटकाने नेले. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनीही तेच केले. चार-पाच दिवसांत घरात कुणी न ठरवता असे ठरून गेले की नात बरोबर असली की पुढच्या फाटकाने जायचे. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, पुढच्या फाटकाने आनंदाने गाणे म्हणत जात होती. तिला पाहून कुणालाही वाटले असते की या मुलीला कसलीच भीती नाही. मला मात्र तिच्या त्या निवांतपणानेच अस्वस्थ केले, कारण तो निवांतपणा मी ओळखत होते. तीस-एक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवताना दरवर्षी एका तासाला मी फळ्यावर एक पेटी काढत असे. पेटीच्या मधोमध एक बुटका आडोसा आणि आडोशाच्या एका बाजूला एक कुत्रा.

ती पेटी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे प्रयोग केले. एका बाजूचा दिवा मालवला की थोड्या सेकंदांनी पायाखालच्या सळ्यांमधून विजेचा जोरदार झटका येत असे आणि कुत्र्याला आडोशावरून पलीकडे उडी मारून सुटका करून घ्यावी लागे. काही वेळातच कुत्रे दिवा मालवताच, झटक्याची वाट न पाहता उडी मारू लागले. मग प्रयोगकर्त्यांनी झटका कायमचा बंद केला. अपेक्षा अशी की धोका गेल्यावर हळूहळू उडीही जाईल. ती गेली नाही. कुत्रे दिवसामागून दिवस, शेकडो वेळा, दिवा मालवला की उडी मारतच राहिले. आणि मला सर्वांत विलक्षण वाटत आले ते याच्याही पुढचे: सुरुवातीला थरथरणारे, भुंकणारे, लघवी करून टाकणारे हे प्राणी पुढे पुढे शांतपणे, जवळजवळ निर्विकारपणे उडी मारू लागले. भीतीचे बाहेरून दिसणारे चिन्ह उरले नव्हते, पण भीतीपोटी लागलेली सवय शाबूत होती. झटका बंद झाला आहे हे कळायला एकदा तरी उडी न मारता उभे राहायला हवे होते, आणि नेमके तेच ते कधी करत नव्हते. या प्रकारच्या वागण्याचे जे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ मॉरर यांनी १९४७ मध्ये मांडले होते ते दोन पायऱ्यांचे होते: आधी एखाद्या खुणेची भीती बसते, मग त्या खुणेपासून दूर गेल्यावर भीती उतरते, आणि ती उतरणे हेच बक्षीस ठरून टाळण्याची सवय पक्की होते. मी हे दरवर्षी सांगत आले. मुले वहीत उतरवून घेत आली.

सूझन मिनेका या शास्त्रज्ञ विदुषीचे काम मी त्याच तासात सांगत असे, पण वेळ संपत आलेला असल्यामुळे घाईघाईने. आता वाटते की तो क्रम उलटा हवा होता. मिनेका पेनसिल्वेनिया विद्यापीठात, म्हणजे सॉलोमन यांच्याच विद्यापीठात घडल्या आणि त्यांचे लक्ष अगदी सुरुवातीपासून वरच्या गोष्टीतल्या सांध्यावर होते: भीती आणि टाळणे ही दोन्ही हातात हात घालून चालतात असे आपण धरून चालतो, ते खरे आहे का? १९७७ मध्ये स्टार आणि मिनेका यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की धोका टाळण्यात उंदीर जसजसा तरबेज होत जातो, सलग २७ वेळा झटका चुकवण्यापर्यंत पोहोचतो, तसतशी त्या धोक्याच्या खुणेबद्दलची त्याची भीती कमी होते. पण शेजारच्या पेटीत एक जोडीदार उंदीर असे. त्यालाही तीच खूण, तेवढेच झटके मिळत, फक्त ते चुकवणे त्याच्या हातात नसे. त्याची भीती तशी कमी होत नसे. १९७९ मध्ये मिनेका यांनी या साऱ्या संशोधनाचा एक मोठा आढावा लिहिला आणि त्यात भीती आणि टाळणे यांची ही फारकत ठळकपणे मांडली. पुढच्या फाटकाने गाणे म्हणत जाणाऱ्या माझ्या नातीकडे पाहताना मला तो सलग सत्तावीस वेळा सुटलेला उंदीर आठवला. तिची भीती गेली नव्हती. भीतीला समोर यायची गरजच उरली नव्हती, कारण आम्ही सारे मिळून तिच्यासाठी आडोशावरून उडी मारत होतो.

मात्र त्या पायरीवर जे झाले त्याला कोणताही झटका लागला नव्हता. धामण तिला चावली नव्हती, तिच्याकडे वळलीही नव्हती. त्याचे उत्तर मिनेकांच्या पुढच्या कामात आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील प्रयोगशाळेत, माकडांवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरी हार्लो यांच्यामुळे नावारूपाला आलेल्या त्या जागी, ऱ्हीसस माकडांचे दोन गट होते. एक गट प्रयोगशाळेतच जन्मलेला, ज्याने रान पाहिले नव्हते. दुसरा गट रानात जन्मलेला आणि पकडून आणलेला, आणि ते रान आपल्या भारतातले होते. भारताने ऱ्हीसस माकडांची निर्यात १९७८ मध्ये बंद केली. त्याआधी अनेक वर्षे ती हजारोंच्या संख्येने परदेशी पाठवली जात होती. १९८० मध्ये मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मांडणी अगदी साधी होती. माकडापुढे एक पारदर्शक पेटी ठेवायची आणि पेटीच्या पलीकडच्या कडेला त्याच्या आवडीचा खाऊ ठेवायचा, म्हणजे खाऊ घ्यायला पेटीवरून हात न्यावाच लागेल. पेटीत कधी लाकडाचा तुकडा, कधी विजेची काळी किंवा पिवळी वायर, कधी खेळण्यातला साप, कधी जिवंत बोआ अजगर. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे अजगरावरून हात नेऊन खाऊ उचलत. रानातून आलेली माकडे मात्र मागच्या जाळीला पाठ टेकून बसत, दात विचकत, जाळी गच्च धरून हलवत, नजर पेटीवरून काढत नसत आणि खाऊ तसाच राही.

मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या, हिवाळ्यात बर्फात असणाऱ्या त्या गावी या माकडांनी वर्षानुवर्षे साप पाहिला नव्हता. त्यांच्यातली कितीतरी आयुष्याचा मोठा भाग पिंजऱ्यात घालवून म्हातारी होत चालली होती. आईचा वास, झाडाची साल, पावसाचा आवाज यांतले त्यांना काय आठवत होते ते कुणी विचारू शकत नव्हते, पण साप आठवत होता. हा भाग वर्गात सांगताना माझा आवाज पूर्वी कधी बदलत नसे. आता या वयात हा भाग निष्कर्षाआधी त्या माकडाचा हात डोळ्यांसमोर आणतो. कुणीतरी त्याला इथल्या एखाद्या आंब्याखाली जाळे टाकून धरले असेल, आगगाडीने, विमानाने नेले असेल, आणि त्याच्याबरोबर इथून तिथे गेलेली एकच वस्तू त्याच्यापाशी शिल्लक होती, ती म्हणजे ही भीती. या प्रयोगांतून मला जे कळले ते कळायला त्या माकडांना ते सोसावे लागले, आणि सॉलोमनच्या कुत्र्यांना त्याहून जास्त. मी या ज्ञानाचे ऋण मानते आणि ते ज्या रीतीने मिळाले तिचे दुःखही मला आहे. या दोन्हींचा हिशेब एका ओळीत बसवणे मला अजून जमलेले नाही.

पुढचा प्रयोग १९८४ चा. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या तरुण माकडांना मिनेकांनी फक्त बघायला बसवले. काय बघायला, तर त्यांचेच रानात जन्मलेले आईबाप समोर साप असताना काय करतात ते. सहांपैकी पाच पिल्ले सापाला घाबरू लागली, आणि ती भीती जवळजवळ आईबापांच्या भीतीइतकीच तीव्र होती. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले तर ती तेवढीच होती. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात समोरचे माकड आईबाप नसून परके होते, तरी हेच घडले. मग १९८९ मध्ये मायकेल कुक आणि मिनेका यांनी चित्रफितींची जोडणी करून एक नाजूक प्रश्न विचारला. एकाच माकडाची तीच घाबरलेली प्रतिक्रिया काही माकडांना खेळण्यातल्या सापासमोर घडताना दाखवली आणि काहींना कृत्रिम फुलांसमोर. सापाची भीती बसली, फुलांची बसली नाही. खेळण्यातल्या मगरीची बसली, सशाची बसली नाही. म्हणजे भीती ही नुसती कोऱ्या पाटीवर लिहिलेली अक्षरे नसावीत; पाटीवर काही जागा आधीच घासून तयार ठेवलेल्या असाव्यात, आणि शेजारच्याचा चेहरा तिथे खडू टेकवत असावा. हे वाचताना मला आमचे स्वयंपाकघर आठवते. दूध उतू गेले की मी ओरडते, कुकरची शिटी अचानक झाली की दचकते, हातातले ताट पडले की किंचाळतेही. नातीने हे सारे पाहिले आहे आणि तिला दूध, कुकर, ताट यांची भीती बसलेली नाही. धामणीच्या वेळी मात्र एक किंकाळी पुरली.

आमच्या घरातल्या भीतीचा माग मी मग मागे मागे काढत गेले. माझी आई गिरगावच्या चाळीत वाढली. विसाव्या वर्षी लग्न होऊन कोकणात आली तोवर तिने साप पाहिला होता तो गारुड्याच्या टोपलीत, तोही चाळीच्या गॅलरीतून. ती सांगत असे की पहिल्या पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीपाशी तिला एक बारीक काळसर जनावर दिसले आणि ते काय आहे ते पाहायला ती चक्क वाकली. मागून माझ्या आजीने जो आवाज काढला तो आई पुढे साठ वर्षे विसरली नाही. ‘‘साप मी पाहिलाच नव्हता गं नीट,’’ आई म्हणायची, ‘‘तुझ्या आजीचं तोंड पाहिलं.’’ त्या दिवसापासून आई दिवसाउजेडीही न्हाणीत कंदील घेऊन जाऊ लागली. मी लहानपणी आईचा हा कंदील रोज पाहिला. प्रयोगशाळेत जन्मलेले माकड आणि रानातले माकड ही दोन्ही माझ्या घरात एका छपराखाली सासू आणि सून होऊन राहिली होती, हे मला सारी नोकरी संपल्यावर दिसावे याचे मला आज वाईट वाटते.

आणि आजीच्या त्या आवाजामागेही एक गोष्ट होती. तिचा धाकटा भाऊ भाताच्या कापणीत फुरसे चावून गेला होता. नऊ वर्षांचा होता. गावात डॉक्टर नव्हता; होता तो देवळातला गुरव आणि त्याचा अंगारा. आजीने आपल्या हयातीत त्या भावाचे नाव कधी घेतले नाही, जसे तिन्हीसांजेनंतर तिने ‘साप’ हा शब्दही घेतला नाही. रात्री ती ‘जनावर’ म्हणे, फार तर ‘लांबडे’. आम्ही मुले त्याला जुन्या समजुती म्हणत असू. पण शब्दसुद्धा चुकवून जाणे ही आडोशावरून मारलेली उडीच होती, आणि त्या उडीमागे एक मेलेला मुलगा होता. या भीतीला निराधार म्हणण्याचा अधिकार आजही कुणाला नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. आणि त्यांतली बहुतेक शेतात राबणारी, अंधारात अनवाणी चालणारी माणसे. आजीची किंकाळी तिच्या जागी खरी होती. न्हाणीच्या मोरीपाशी दिसलेले ते बारीक काळसर जनावर मण्यार असू शकत होते, आणि मग त्या किंकाळीने माझ्या आईचा, पर्यायाने माझाही जीव वाचवला असे म्हणावे लागेल. प्रश्न इतकाच की ती किंकाळी तीन पिढ्या खाली उतरताना धामण आणि मण्यार यांतला फरक वाटेत कुठेतरी गळून पडला, आणि पुण्यातल्या पिवळ्या पाइपापर्यंत पोहोचेस्तोवर तर साप हाच गळून पडला.

माझा भाऊ मात्र घाबरत नाही. त्याच घरात, त्याच आईच्या कंदिलामागे वाढलेला, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते आणि मी ते ‘मुलगे धीट असतात’ अशा आळशी उत्तरावर सोडून दिले होते. उत्तर बाबल होता. बाबल आमच्या आगरात काम करायचा, माडावर चढायचा, पाटाचे पाणी फिरवायचा. भाऊ चालायला लागल्यापासून बाबलच्या पाठी असे. जेवायलासुद्धा त्याला बाबलच्या खांद्यावरून उतरवून आणावे लागे. बाबल साप दिसला की थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि तो कोणता आहे ते ओळखेपर्यंत हलायचा नाही. धामण असली तर म्हणायचा, ‘‘ती काय करूची नाय, जावंदे तिका.’’ फुरसे असले तर त्याचा आवाज खाली यायचा आणि तो भावाला हाताने मागे सारायचा. ओरडायचा मात्र तेव्हाही नाही. आईची किंकाळी भावाने नंतर अनेकदा ऐकली, पण तोवर त्याने बाबलचा चेहरा पाहून ठेवलेला होता.

मिनेका आणि कुक यांनी १९८६ मध्ये हेच करून पाहिले होते. प्रयोगशाळेतल्या काही माकडांना त्यांनी आधी सापासमोर शांत राहणारे माकड दाखवले आणि नंतर घाबरणारे. ज्यांनी आधी शांत चेहरा पाहिला होता त्यांतल्या बहुतेकांवर नंतरच्या घाबरलेल्या चेहऱ्याचा परिणाम झाला नाही. लस टोचल्यासारखे झाले, आणि त्यांनी शब्दही तोच वापरला. माणसांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये पंधरा ते वीस महिन्यांच्या मुलांना रबरी साप आणि रबरी कोळी दाखवले. ते दाखवताना आईने घाबरलेला चेहरा केला असेल तर मूल नंतर त्या खेळण्यापासून दूर राही. त्याच विद्यापीठातून काही वर्षांनी झालेल्या कामात आईचा आधी दिसलेला हसरा चेहरा मुलाला तसाच तारून नेतो असेही दिसले. हे वाचून माझ्यासारख्या आजीने सुटकेचा श्वास टाकावा की मान खाली घालावी? माझ्या नातीच्या बाबतीत लस टोचायची वेळ होऊन गेली होती. शांत चेहरा तिला आधी दाखवायला हवा होता, आणि मी उलट्या क्रमाने गेले होते.

मग उरतो तो दुसरा, लांबचा रस्ता. पाव्हलॉव्हपासून सर्वांना ठाऊक आहे की खूण पुन्हा पुन्हा दाखवली आणि धोका आला नाही तर भीती ओसरते. पण बूटन आणि बोल्स यांनी १९७९ मध्ये दाखवले की ती जिथे ओसरली त्या जागेपुरती ओसरते. उंदराला दुसऱ्या पेटीत नेले की ती पुन्हा उभी राहते. जुने शिकणे पुसले जात नाही, त्याच्यावर नवे शिकणे ठेवले जाते, आणि दोन्हींपैकी कोणते वर यायचे ते जागा ठरवते. मॅडिसनच्या त्या रानातल्या माकडांनाही मिनेकांनी सापासमोर बराच वेळ बसवून पाहिले होते. त्यांचे हात खाऊकडे लवकर जाऊ लागले, पण त्यांची अस्वस्थता त्या प्रमाणात कमी झाली नाही. हात शिकले, उरलेले शरीर मागे राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा देवगडला गेलो. पाऊस नुकताच संपला होता, पायरीवर शेवाळाचा वाळून तपकिरी झालेला थर होता आणि आगरात सुपाऱ्या पडायला लागल्या होत्या. नात मागीलदारी येईना. ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची. तिसऱ्या दिवशी भावाने गडग्यावरून धामणीची कात आणून दिली, जवळजवळ पुरुषभर लांब, डोक्यापाशी थोडी फाटलेली. मी आयुष्यात कधी कातीला हात लावला नव्हता. सापाने टाकलेली कात आईने चिमट्याने उचलून चुलीत घातलेली मी पाहिली होती. त्या दिवशी मी पायरीवर बसले, कात मांडीवर घेतली आणि बोटांनी सरळ करू लागले. ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी कोरडी आणि हलकी होती. तिच्यावरचे प्रत्येक खवल्याचे घर वेगळे दिसत होते आणि डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ गोल चकत्या होत्या. माझ्या तळहातांना घाम आला होता आणि त्या घामाने कात बोटांना चिकटत होती. मी चेहरा सैल ठेवण्याचा प्रयत्न करत होते, आणि चेहरा सैल ठेवायला इतके श्रम पडतात हे मला तोवर माहीत नव्हते. बाबलला ते पडत असतील का, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

नात उंबऱ्यात आली. तिने कातीकडे पाहिले नाही. मे महिन्यात पाहिले होते तसेच, तितकाच वेळ, तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग विचारले, ‘‘कोणाचं आहे?’’

‘‘धामणीचं.’’

‘‘ती कुठे गेली?’’

‘‘जुना फ्रॉक काढला आणि नवा घालून गेली.’’

तिने यावर बराच विचार केला. मग उंबरा ओलांडून ती माझ्या मागे आली, माझ्या पाठीला टेकून उभी राहिली आणि माझ्या खांद्यावरून हात लांब करून एक बोट कातीच्या शेपटीकडच्या टोकाला लावून लगेच मागे घेतले. तिचा दुसरा हात माझ्या गळ्याभोवती होता, आणि माझ्या छातीची धडधड तिला तिथे लागत असणार. संध्याकाळपर्यंत ती तीनदा येऊन तसेच बोट लावून गेली. पायरीवर मात्र बसली नाही. पुण्याला परतल्यावर पहिल्या सकाळी मी तिला मागच्या फाटकाकडे घेऊन निघाले. पाइपापासून दहा पावलांवर, त्याच जागी, ती थांबली आणि तिने मान वर केली.